काहीही चालेल

गेल्या आठवड्यात रात्री एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, सेकंड इयर कॉम्प्युटर सायन्सला आहे, इंटर्नशिप शोधतेय, पेड असेल तर बरं, नसेल तरी चालेल, काहीही काम असेल तर सांगा ना." उत्तर लिहायला घेतलं आणि अडकले, कारण मेसेज ओळखीचा होता. शब्दसुद्धा जवळपास तेच. सेकंड इयरला असताना मी कितीतरी लोकांना असाच मेसेज पाठवला होता, त्यातल्या बहुतेकांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि मला तेव्हा फार लागलं होतं ते, दोन ओळी लिहायला यांचं काय जातं असं वाटायचं. आता पलीकडच्या बाजूला बसल्यावर कळतंय की होतं काय. "काहीही चालेल" म्हटलं की सगळा विचार समोरच्याने करायचा असतो, हिला नेमकं काय येतं, आपल्याकडे हिला देण्याजोगं काय आहे, ते कुणाला विचारायचं, आणि दिवसभराच्या कामातून तेवढा विचार करायला कुणाला सवड होत नाही, मग तो मेसेज खाली खाली सरकत जातो आणि विसरला जातो. वाईट हेतू कुणाचाच नसतो.

म्हणून ठरवलं की तिला जे सांगायचंय ते नीट लिहूनच काढू.

माझ्याकडे तेव्हा एक शीट होती. कंपनी, रोल, अप्लाय केल्याची तारीख, उत्तर. पहिले तीन कॉलम भरलेले आणि चौथा रिकामा. ८०-९० ओळी झाल्यावर मी मोजणं सोडून दिलं. सगळीकडे एकच सीव्ही. त्यात सी, सी++, जावा, पायथन, एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मायएसक्यूएल, शेवटी मशीन लर्निंग, आणि प्रोजेक्ट्समध्ये लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, टू-डू अ‍ॅप आणि घरांच्या किमतींचा अंदाज सांगणारं मॉडेल. माझ्या वर्गातल्या ६० पैकी निदान ४० जणांचा सीव्ही हाच होता, नाव सोडून. त्यात खोटं काही नव्हतं, ते सगळं मी खरंच शिकले होते, पण ते वाचून माझ्याबद्दल काहीच कळत नव्हतं.

हे मला नीट समजलं ते मागच्या वर्षी, आमच्या टीमला इंटर्न घ्यायचे होते आणि अर्ज वाचायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा. संध्याकाळी कामं आटोपल्यावर बसायचं आणि एकामागून एक उघडत जायचं. पंधराव्या-विसाव्या अर्जानंतर डोळे नुसते सरकायला लागतात, हे मान्य करायला बरं वाटत नाही पण आहे ते आहे. "पायथन ८० टक्के" अशी पट्टी काढलेली असायची आणि मला कळायचं नाही की ८० टक्के म्हणजे कशाच्या. हल्ली तर कव्हर लेटर्ससुद्धा एकाच साच्यातून काढल्यासारखी येतात, सगळ्यांना आमच्या कंपनीच्या ध्येयाने भारावून टाकलेलं असतं, आणि चॅटबॉटकडून लिहून घेतलेली आहेत हे पहिल्या दोन ओळींत समजतं.

त्या ढिगात एक अर्ज असा होता की मी थांबले. मुलीने लिहिलं होतं की हॉस्टेलमधली वॉशिंग मशिन्स रिकामी आहेत का हे बघायला तीन मजले उतरावं लागायचं, म्हणून तिने मशीनला कंपन मोजणारा सेन्सर चिकटवला आणि मोबाईलवर दिसेल असं एक साधं पान केलं. पुढची ओळ मला फार आवडली. पहिला आठवडा सगळं चुकीचं दाखवत होतं, कारण शेजारचं मशीन स्पिनला गेलं की त्याच्या हादऱ्याने हेही चालू आहे असं दिसायचं, मग तिने दोन्ही सेन्सरचे आकडे शेजारी ठेवून ज्याचा जोर जास्त तेच चालू धरायचं असं केलं आणि तरी दोन्ही एकदम चालू असताना ते फसतं, तो भाग अजून सुटलेला नाही. बस, चार ओळी. फ्रेमवर्कचं नाव नाही, टक्के नाहीत. पण ही मुलगी काम कसं करते ते मला दिसलं, आणि अजून काय जमलेलं नाही ते तिने स्वतःहून सांगितलं याने तर माझा विश्वासच बसला. तिला इंटरव्ह्यूला बोलवा असं मी त्याच रात्री लिहून टाकलं.

माझ्या बाबतीत असं पहिलं काम म्हणजे तीन बाइट्स होते. अक्षरशः तीन.

झालं असं की थर्ड इयरला एका विद्यार्थी ग्रुपच्या कार्यक्रमांची नोंदणी माझ्याकडे होती. त्यासाठी आम्ही एक ओपन सोर्स टूल वापरायचो, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं. त्यातून यादीची सीएसव्ही फाईल डाउनलोड करायची आणि स्प्रेडशीटमध्ये उघडायची, की इंग्रजीतली नावं व्यवस्थित आणि दुसऱ्या कुठल्याही लिपीतलं नाव असेल तर तिथे नुसती चित्रविचित्र चिन्हांची माळ. मग कुणीतरी बसून ती नावं परत हाताने टाइप करायची. महिनोन्‌महिने हे चालू होतं आणि सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं. एका संध्याकाळी टाइप करायची पाळी माझ्यावर आली, कंटाळून मी ती फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईल बाइट बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली, आणि बघते तर फाईल अगदी बरोबर होती, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतली अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये), एकही बाइट इकडचा तिकडे नाही. चुकत होता तो उघडणाऱ्याचा अंदाज. सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर, आपलं एन्कोडिंग काय हे सांगायला त्यात जागाच नसते, त्यामुळे डबल क्लिक केलं की स्प्रेडशीट आपल्या मनाने जुनं काहीतरी एन्कोडिंग धरते. पण फाईलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट असले, म्हणजे ज्याला बाइट ऑर्डर मार्क म्हणतात ते, की तिला खूण पटते आणि नावं नीट दिसतात. पायथनमध्ये त्यासाठी करायचं काय, तर "यूटीएफ-८" लिहिलंय तिथे "यूटीएफ-८-सिग" लिहायचं. एका ओळीत चार अक्षरांची भर, इंग्रजीत -sig.

मी ती भर घातली आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे "माझा हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या" अशी विनंती, पाठवून दिली. मोठ्या आनंदात होते. दुसऱ्या दिवशी मेंटेनरचं, म्हणजे ते टूल सांभाळणाऱ्या माणसाचं, उत्तर आलं, धन्यवाद, पण ही फाईल तुझ्याशिवाय अजून कोण वाचतं याचा विचार केलास का? मी केला नव्हता. कुणाची तरी स्क्रिप्ट रोज रात्री तीच फाईल वाचत असणार, आणि ते तीन बाइट तिच्या दृष्टीने पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटलेलं एक न दिसणारं अक्षर. स्क्रीनवर "नाव" असंच दिसेल पण प्रोग्रामला "नाव" हा कॉलम सापडणार नाही, आणि ती बिचारी व्यक्ती दिवसभर डोकं धरून बसेल की दोन्ही शब्द सेम दिसतात मग जुळत का नाहीत. म्हणजे माझ्या चार अक्षरांनी माझी अडचण सुटत होती आणि मी कधीही न पाहिलेल्या माणसांचं चालू काम मोडत होतं.

मग ते बदलत गेलं. डाउनलोडच्या बटणाशेजारी "स्प्रेडशीटसाठी" असा एक चेकबॉक्स, जो आपणहून बंदच राहील, त्याच्या दोन टेस्ट, डॉक्युमेंटेशनमध्ये एक परिच्छेद. तीन वेळा रिव्ह्यू झाला, तीन आठवडे गेले, शेवटी साधारण ४० ओळी मर्ज झाल्या, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतल्या गेल्या. तोपर्यंत माझा कोड ज्यांनी ज्यांनी वाचला होता त्यांनी तो मार्क द्यायला वाचला होता. हा माणूस पहिला, ज्याने तो आपल्या वापरणाऱ्यांच्या काळजीपोटी वाचला, आणि "अजून कोण वाचतं" हा त्याचा प्रश्न माझ्या डोक्यात जो बसला तो आजही कुठलीही ओळ बदलताना वर येतो.

पाच महिन्यांनी मला एक मेल आला. त्या पुल रिक्वेस्टखाली "आमच्याकडेही हाच त्रास आहे" अशी एक ओळ ज्यांनी लिहिली होती त्या गृहस्थांचा. एक छोटी स्वयंसेवी संस्था, सभासदांची माहिती तीन वेगवेगळ्या ठिकाणी, नावं दोन-तीन लिप्यांत, एकच माणूस तीन वेळा नोंदवलेला. हे एकत्र करून देशील का, पैसे देऊ. मी शीटमधल्या ज्या सगळ्या ठिकाणी अर्ज केले त्यातलं हे एकही नव्हतं. आणि आमची ओळख तरी काय, एका धाग्यावरची एक ओळ.

हे नुसतं माझं नशीब म्हणून सोडून देता आलं असतं, पण नंतर कळलं की यावर बरंच काम झालेलं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला होता, त्यात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. नेहमी भेटणारा होता असं सांगणारे १०० त १७ च्या आसपास निघाले, बाकी सगळ्यांना ते कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. कारणही सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं, नवीन बातमी लांबच्या ओळखीकडे असते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांच्या माहितीवर असंच एक मोठं काम 'सायन्स'मध्ये छापून आलं, त्यातही नोकरी मिळवून देण्यात अशा सैलसर ओळखीच पुढे निघाल्या. त्यामुळे कुणी "नेटवर्किंग कर" म्हटलं की मला आता भीती वाटत नाही, आधी वाटायची, कारण मला वाटायचं की ते म्हणजे अनोळखी लोकांशी हसून बोलत फिरणं. एखाद्या प्रोजेक्टच्या चॅटमध्ये कुणाच्या प्रश्नाला नीट उत्तर देणं, वरच्या वर्षाच्या कुणाला "तुम्ही ते डिप्लॉयमेंट कसं केलंत" असं नेमकं विचारणं, हेसुद्धा तेच आहे आणि ते बुजऱ्या माणसालाही जमतं. मला जमलं.

आता त्या कामाच्या पैशांबद्दल, कारण इथे माझी जी चूक झाली ती मी बऱ्याच मुलांना, आणि मुलींना जरा जास्तच, करताना बघते.

त्यांनी विचारलं, किती घेशील? मी लिहिलं, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. नम्रपणा म्हणून लिहिलं होतं, आणि आत भीती होती की आकडा सांगितला आणि तो जास्त वाटला तर काम जाईल. त्यांनी त्यांना योग्य वाटली ती रक्कम सांगितली, मी हो म्हटलं. पण काम किती हे कुणीच लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात एक स्क्रिप्ट होती, ती चालवायची आणि एक स्वच्छ यादी द्यायची. त्यांच्या डोक्यात ती यादी, नवीन सभासदांसाठी फॉर्म, दर महिन्याला वाढदिवसाचे ईमेल आणि काही अडलं तर फोन, हे सगळं होतं. दोघंही प्रामाणिक होतो. दोन आठवड्यांचं काम सहा आठवडे चाललं, मध्ये माझी परीक्षा आली, रात्री अकराला त्यांचा फोन यायचा आणि मला तो उचलावासा वाटायचा नाही. शेवटी मिळालेल्या पैशांना लागलेल्या तासांनी भागून बघितलं तर कॉलेजच्या लॅबमध्ये ज्युनियर्सना प्रॅक्टिकलमध्ये मदत करायचे जे ताशी मिळायचे त्याच्या निम्मेसुद्धा पडत नव्हते.

पुढच्या वेळी त्यांनीच दुसरं काम आणलं तेव्हा मी अर्ध्या पानाचा कागद करून पाठवला. काय करणार, काय करणार नाही, बदल किती वेळा करून देणार, कधी देणार, एकूण किती, त्यातले अर्धे सुरुवातीला, आणि कोड शेवटी कुणाच्या मालकीचा. आकडा काढताना मी एक केलं, त्याआधीचा महिनाभर वहीत लिहीत होते की अमुक कामाला किती तास लागतील असं वाटलं आणि खरे किती लागले. जवळजवळ प्रत्येक वेळी दुप्पट लागत होते. मग वाटतात त्याच्या दुप्पट तास धरले, आणि ताशी दर लॅबमध्ये मिळायचा त्याच्या खाली जाणार नाही असं ठरवलं. मेल पाठवताना हात थरथरत होता. दहा मिनिटांत उत्तर आलं, ठीक आहे, चालू कर. आणि नंतर ते जे म्हणाले ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं, म्हणाले बरं झालं लिहून दिलंस, आम्हालाही समितीपुढे ठेवायला असा कागद लागतो, मागच्या वेळी काय सांगायचं तेच कळत नव्हतं. म्हणजे माझ्या "योग्य वाटेल ते"ने त्यांचीही अडचणच झाली होती.

लॅबचं म्हणाले म्हणून, कॅम्पसवरची कामं मुलं उगाच कमी लेखतात. टीचिंग असिस्टंट, एखाद्या प्राध्यापकांच्या संशोधनात डेटा साफ करून देणं, डिपार्टमेंटची वेबसाईट सांभाळणं, यात माणसं रोज समोर असतात आणि काम बघतात. शिकता शिकता पगारी काम ही कल्पना काही आजची नाही, हर्मन श्नायडर यांनी अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांपासून ती सुरू केली, काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात, आणि कारखान्यातल्या कामाची मजुरी मिळायची. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाची तर १९५७ मध्ये उभारणीच या पद्धतीवर झाली आणि तिथली बरीच मुलं आजही एक सत्र वर्गात, एक कामावर अशी शिकतात. मला या इतिहासातली मजुरीची गोष्ट महत्त्वाची वाटते. शिकणाऱ्याच्या कामालाही किंमत असते हे तेव्हापासून मान्य आहे.

त्यामुळे फुकट इंटर्नशिपबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुम्ही लिहिलेला कोड त्यांच्या ग्राहकांपर्यंत जाणार असेल तर पैसे मिळायला हवेत. "अनुभव मिळेल" ठीक आहे, अनुभव पगारासकट पण मिळतो. आणि जिथे उलट तुमच्याकडूनच पैसे मागतात, रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, सर्टिफिकेटचे पैसे, तिथून सरळ उठून यायचं, कितीही छान लेटरहेड असलं तरी, खरी नोकरी देणारा माणूस पैसे देतो, घेत नाही. घरी करायची असाइनमेंट तीन-चार दिवसांची असेल तर हे तुम्ही वापरणार आहात का असं विचारायला काही हरकत नाही. आणि दुसऱ्या देशात शिकत असाल तर विद्यार्थी व्हिसावर किती तास आणि कुठलं काम चालतं ते कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारून घ्या, काम सुरू झाल्यावर विचारलं तर फार उशीर झालेला असतो, फ्रीलान्सिंगसुद्धा त्यात येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ओपन सोर्समध्ये पैसे मिळवायचे रीतसर रस्तेही आहेत. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, आधी फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं, २०२२ पासून नवख्या कुणालाही करता येतं, प्रोजेक्ट ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात आणि ठरलेला स्टायपेंड मिळतो. आउटरीची वर्षातून दोनदा असतं, ज्यांना या क्षेत्रात सहज शिरकाव मिळत नाही अशांसाठी मुद्दाम काढलेलं, त्याचं मूळ २००६ मधल्या ग्नोम प्रोजेक्टच्या बायकांसाठीच्या कार्यक्रमात आहे, आणि तिथे निवड होण्याआधीच त्या प्रोजेक्टमध्ये काहीतरी काम करून दाखवावं लागतं. मी समर ऑफ कोडला पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा प्रपोजलमध्ये "परफॉर्मन्स सुधारीन आणि यूजर इंटरफेस चांगला करीन" असं लिहिलं होतं. नाही निवडलं, आणि बरोबरच होतं त्यांचं. कुठला भाग मंद आहे, किती मंद, मी मोजला कसा, पहिल्या आठवड्यात काय, अडलं तर काय सोडून देणार, यातलं काहीच त्यात नव्हतं. तेही एक "काहीही चालेल"च होतं, फक्त चार पानांचं. भाग घेणाऱ्या प्रोजेक्ट्सची यादी जाहीर झाल्यावर त्यातून निवडायला बसलं की हेच होतं, त्याच्या दोन-तीन महिने आधी तिथे जाऊन एखादा छोटा बग सोडवलेला असेल तर लिहायला खरं काहीतरी असतं.

पण तिथे जायचं ते काम करायला. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावायचा कार्यक्रम, २०२० मध्ये त्यात टी-शर्ट मिळतो म्हणून हजारो जणांनी लोकांच्या प्रोजेक्टमध्ये रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाईलमध्ये, एखादा शब्द घालून पुल रिक्वेस्ट पाठवल्या, मेंटेनर अक्षरशः वैतागले, शेवटी आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टला हवंय त्यांनीच भाग घ्यायचा. त्यातली बरीच मुलं आपल्यासारखीच शिकणारी होती, कुणीतरी सांगितलं म्हणून केलं असेल. मला त्यांचाही राग येत नाही, पण पलीकडे एक माणूस आपला रविवार घालवून हे वाचतोय एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

इंटरव्ह्यूचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहिलेलं भरपूर सापडतं. माझा पहिला टेक्निकल इंटरव्ह्यू लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक घर (नोड) पुढच्याकडे बाण दाखवतं अशी यादी, उलटी करण्याचा होता, आठ मिनिटांत केली, एक शब्द न बोलता. मग त्यांनी विचारलं, या लिस्टमध्ये सायकल असली, म्हणजे शेवटचा बाण मागच्याच एखाद्या नोडकडे गेला, तर तुझा कोड काय करेल? मी गप्प. कायमचा फिरत राहील असं काहीतरी पुटपुटले. नाही झालं सिलेक्शन. रात्री घरी कागदावर बाण काढत बसले तर लक्षात आलं की तो फिरत राहतच नाही, सायकलपर्यंत जातो, सायकल उलटी करतो आणि आधीच उलटे केलेले बाण धरून परत पहिल्या नोडवर येऊन थांबतो. इतकं सुंदर आहे ते, कागदावर काढून बघाच. शेकडो प्रश्न पाठ करताना मी हे एकदाही बघितलं नव्हतं. त्यानंतर मी आणि माझी एक मैत्रीण रोज एकच प्रश्न घ्यायचो, एकीने फळ्यापुढे उभं राहून मोठ्याने विचार करायचा आणि दुसरीने "का" विचारत राहायचं, "हॅश मॅप का, सॉर्ट करून का नाही, मेमरी किती जाईल". तीन महिन्यांत बोलायची भीती गेली. ज्या इंटरव्ह्यूमध्ये मला पहिली इंटर्नशिप मिळाली त्यात ४५ मिनिटांपैकी अर्ध्याहून जास्त वेळ आम्ही त्या तीन बाइट्सबद्दल बोलत होतो, आणि त्यांनीही विचारलं, मग ज्यांच्या स्क्रिप्ट्स मोडल्या असत्या त्यांचं काय? यावेळी उत्तर होतं माझ्याकडे.

इंटर्नशिपमध्ये पहिले दोन दिवस माझ्या लॅपटॉपवर त्यांचा प्रोजेक्ट बिल्डच होत नव्हता आणि मी कुणाला विचारलं नाही, मूर्ख वाटेन म्हणून. तिसऱ्या दिवशी मेंटॉर स्वतःच आले, त्यांनी एक व्हेरिएबल सेट केलं आणि झालं. रागावले नाहीत. म्हणाले अर्धा तास स्वतः शोध, मग विचार, पण विचारताना "चालत नाही" म्हणू नकोस, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं ते सांग, एररची ओळ जशीच्या तशी दे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. हे सगळं नीट करूनही उत्तर येत नाही असे महिने असतात. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली, आणि ज्यांना काही वर्षांचा अनुभव होता तेही नव्यांच्याच रांगेत येऊन उभे राहिले. माझ्या ओळखीची एक हुशार मुलगी वर्षभर घरी होती. ती कुठे कमी पडली असं मला वाटत नाही. शीटमधला रिकामा कॉलम बघून आपणच नालायक आहोत असं वाटायला लागतं, मलाही वाटलं होतं, रात्र रात्र. तो कॉलम बऱ्याचदा तुमच्याबद्दल काहीच सांगत नसतो, जागाच नसतात.

तर त्या ज्युनियरला मी एवढंच विचारलं, गेल्या सहा महिन्यांत तू कुठली मोडलेली गोष्ट दुरुस्त केलीस, कितीही छोटी? तिचं उत्तर, "तसं काही नाही ताई." मग तासाभराने परत मेसेज, आमच्या लॅबमधल्या सर्व्हरची डिस्क भरली की सगळ्यांचं काम अडायचं, म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली होती, ९० टक्के भरली की मेल येतो, आणि कुठल्या फोल्डरमुळे भरली तेही त्यात येतं, ती धरायची का? मी म्हटलं धरायची म्हणजे काय! मग अजून एक गोष्ट बाहेर आली, शेजारच्या लॅबने त्यांच्या ९ मशिन्सवर तेच बसवून मागितलं होतं आणि काय उत्तर द्यायचं ते न कळल्यामुळे तिने दोन आठवडे उत्तरच दिलं नव्हतं.

त्या रात्री आम्ही तो मेल मिळून लिहिला. नऊ मशिन्स, कुठली तारीख, बसवल्यावर एक महिना अडचण आली तर बघून देईन, त्यापुढे नाही. शेवटी तिने ओळ लिहिली होती, "मानधन आपल्याला योग्य वाटेल ते द्यावे." ती ओळ काढ म्हटलं. उद्धट नाही का वाटणार, तिने विचारलं. मी तिला त्या सहा आठवड्यांची गोष्ट सांगितली. तिने ओळ काढली आणि एक आकडा घातला, तोही घाबरत घातलेला, लहानसा. पहिल्या मशीनला किती तास लागले होते विचारलं, तिने आठवून आठवून मोजले, आकडा जवळजवळ दुप्पट झाला. मेल गेला तेव्हा पावणेबारा वाजले होते.

उत्तर अजून आलेलं नाही, आज चौथा दिवस. उद्या एक आठवण करून द्यायची असं ठरलंय. तो मेल तिने स्वतःच लिहिलाय, चार ओळींचा, मला फक्त वाचायला पाठवला.